पौंडामागे तीन पेनी

गेल्या महिन्यात मामांना घेऊन ट्रेडीगरला जाऊन आले आणि तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय, आज रविवार, बाहेर पाऊस लागलाय, बसलेच शेवटी. मामा म्हणजे माझे मामेसासरे. मिरजेला एमबीबीएस करून 1974 मध्ये इकडे आले आणि साउथ वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून तीसेक वर्षं काढली. आता पंचाहत्तरी उलटलीय, गुडघे दुखतात, पण कुठल्या गल्लीत कुठला पेशंट होता ते अजून पक्कं डोक्यात आहे. मी न्यूपोर्टला राहते, हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, रोज सकाळी एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, कार्ड गळ्यात अडकवून घराबाहेर पडते, आणि इतकी वर्षं मला हे माहीतच नव्हतं की ही एनएचएस जिथून उगवली ते गाव माझ्या घरापासून गाडीने जेमतेम चाळीस मिनिटांवर आहे. मामाच म्हणाले, "अगं तू तिचं मीठ खातेस ना, मग एकदा बघून तरी ये."

तर ट्रेडीगर. साउथ वेल्समध्ये उत्तरेकडच्या डोंगरांतून नद्या एकमेकींच्या शेजारून खाली समुद्राकडे उतरतात, प्रत्येकीचं आपलं अरुंद खोरं, त्यातली एक सिरहावी नदी, तिच्या पार वरच्या टोकाला हे गाव. खोऱ्यात जागाच इतकी कमी की नदी, रूळ, रस्ता आणि डोंगराच्या अंगाला चिकटून घरांच्या लांबच लांब ओळी, भिंतीला भिंत लागलेली घरं, एकाच्या चुलीची ऊब दुसऱ्याला मिळेल अशी. मूळ गाव कोळशाचं नाही बरं का, लोखंडाचं. इथे लोखंडाचा दगड, कोळसा आणि चुनखडी तिन्ही हाताशी मिळायचं म्हणून 1778 मध्येच सिरहावीला भट्टी लागली होती, आणि मग 1800 साली सॅम्युअल होमफ्रे नावाच्या कारखानदाराने भागीदार जमवून ट्रेडीगरचा कारखाना टाकला. ट्रेडीगर हे नावसुद्धा इथलं नाही. न्यूपोर्टजवळ ट्रेडीगर हाउस म्हणून मॉर्गन घराण्याचा मोठा वाडा आहे, जमीन त्यांची, होमफ्रेची बायकोही त्यांच्याच घरातली, त्यामुळे जमीनदाराचं नाव गावाला पडलं. आणि तेच नाव पुढे समुद्र ओलांडून गेलं, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला ट्रेडीगर नावाचा मोठा लोखंडाचा कारखाना निघाला तो याच गावाच्या नावाने.

आज गावात शिरलं की सर्कल नावाचा गोल चौक लागतो आणि मधोमध ते घड्याळ. 72 फूट उंच, बीडाचं ओतलेलं, लाल रंगाचं, 1858 मध्ये उभं केलेलं. खालच्या चौथऱ्यावर एका बाजूला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाव, एका बाजूला न्यूपोर्टच्या ओतारी चार्ल्स जॉर्डनचं, आणि एका बाजूला लिहिलंय की मिसेस डेव्हिस यांनी भरवलेल्या बझारच्या पैशातून हे गावाला भेट दिलंय, त्या कारखान्याच्या मॅनेजरच्या बायको. मी त्या बीडावर हात ठेवला तर पावसाने थंडगार, आणि रंगाच्या जाड थरांखाली अक्षरांच्या कडा अजून बोटांना लागतात. घड्याळाचा खांब ज्यांनी ओतला, ज्यांनी दगड फोडले, कोळसा काढला, त्यांची नावं अर्थात कुठेच नाहीत.

तिथून थोडंसं चालत गेलं की बेडवेल्टी पार्क. कारखान्याच्या मालकांचा बंगला आणि त्याभोवतीची बाग, आता सगळ्यांना खुली आहे. तिथे एका छपराखाली एक कोळशाचा दगड ठेवलाय, 15 टनांचा, अखंड. 1851 मध्ये लंडनला जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलं होतं त्यासाठी हा तोडला होता म्हणे, पण न्यायला गेले तेव्हा फुटण्याची भीती वाटली म्हणून इथेच राहिला. दिसायला साधाच, काळा, पावसात किंचित चमकणारा, पण त्याच्यासमोर उभं राहिलं की लक्षात येतं की हा अंधारात, मेणबत्तीच्या नाहीतर दिव्याच्या उजेडात, कुणीतरी फक्त हत्याराने आणि खांद्याच्या जोरावर सोडवून वर काढलाय. मामा त्याच्याजवळ बराच वेळ उभे होते, काही बोलले नाहीत.

गावाच्या पश्चिमेला उघड्या माळावर, रम्नीकडे जाताना, केव्हन गोलाय नावाची जागा आहे. वेल्शमध्ये त्याचा अर्थ उजळ कडा, उजेडाचा डोंगर असा काहीतरी होतो. तिथे कॉलऱ्याची दफनभूमी आहे. 1832 ला एकदा आणि 1849 ला पुन्हा, कॉलरा या खोऱ्यांतून फिरला, आणि लोक इतके घाबरलेले की गावातल्या चर्चच्या आवारात ही प्रेतं नको म्हणून वर माळावर नेऊन पुरली. आता काही दगड कलंडलेत, काही आडवे झालेत, मेंढ्या मधून चरतात, वारा मात्र असा की कानावर हात धरावे लागतात. मी तिथे हे सगळं वाचत असताना मला सारखं हेच वाटत होतं की तेव्हाच्या या माणसांना डॉक्टर कोण होता? गटार नाही, प्यायचं पाणी नदीचं, नदीत कारखान्याचं आणि गावाचं सगळंच, आणि आजारी पडलं तर जायचं कुणाकडे? तर कंपनीच्या डॉक्टरकडे. म्हणजे पगारातून पैसे कापायचे कामगाराच्या, पण डॉक्टर कोण असावा, कसा असावा, हे ठरवणार कंपनी. खोऱ्याखोऱ्यात हीच पद्धत होती. आणि हाच तो काटा, जो पुढे जाऊन सगळ्या देशाचं चित्र बदलून गेला. तिथे येतेच, पण आधी खाण.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे लोखंडाचे दिवस भरत आले आणि कोळसा हाच मुख्य धंदा झाला. टी ट्रिस्ट, व्हिटवर्थ, पोचिन, बेडवेल्टी अशा खाणी. टी ट्रिस्टचा शब्दशः अर्थ वेल्शमध्ये दुःखी घर. नाव कसं पडलं त्यात जात नाही, पण रोज सकाळी शेकडो माणसं दुःखी घरात उतरत होती हे खरं. 16 जून 1865 ला बेडवेल्टीच्या खाणीत स्फोट झाला, 26 जण गेले. वेल्सच्या खाणींचा इतिहास काढला तर हा आकडा छोटा वाटतो, सेंघेनिडला 1913 मध्ये 439 खाणकामगार एका सकाळी गेले, पण स्फोट वर्षातून एखादाच होतो, छत रोज कोसळतं, गाडा रोज कुणाच्यातरी पायावरून जातो, आणि धूळ तर क्षणोक्षणी आत जातेच.

धुळीबद्दल मामांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. त्यांची पहिली नोकरी याच बाजूला होती आणि ते ट्रेडीगरच्या घरांत व्हिजिटला जायचे. म्हणाले, पहिल्याच आठवड्यात एका रिटायर झालेल्या कामगाराचा शर्ट वर करून पाठीला स्टेथोस्कोप लावला तर पाठभर निळे डाग, निळ्या रेघा, गोंदवल्यासारख्या. मिरजेत असलं काही बघितलं नव्हतं, त्यांना वाटलं त्वचेचा आजार आहे. तर म्हातारे हसायला लागले. खाली खरचटलं की जखमेत कोळशाची धूळ बसते, कातडी वरून भरून येते आणि धूळ आतच राहते, जन्मभर निळी. "आणि मग स्टेथोस्कोपमधून काय ऐकू यायचं," मामा म्हणाले, "अगं, जुन्या दाराची बिजागरी." बरेच जण पलंगावर झोपायचेच नाहीत, आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून खालच्या खोलीत शेगडीजवळ खुर्ची, तिथेच रात्र. जिना चढायला पाऊण तास लागायचा अशी माणसं, वय पंचावन्न.

आता ज्याने पुढे एनएचएस आणली त्या अनायरिन बेव्हनकडे येते. इथे सगळे त्याला नाय म्हणतात. 15 नोव्हेंबर 1897 ला चार्ल्स स्ट्रीटवरच्या चार खोल्यांच्या घरात जन्म, बाप डेव्हिड खाणकामगार, आई फीबी, घरात दहा मुलं झाली, त्यातली काही लहानपणीच गेली. नाय बोलताना अडखळायचा, शाळेत मास्तरांचा मार खायचा, आणि 1911 मध्ये, चौदा पूर्ण व्हायच्या आधीच, टी ट्रिस्टमध्ये उतरला. त्याच 1911 च्या ऑगस्टमध्ये या गावात आणखी एक गोष्ट घडली आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. 19 ऑगस्टच्या शनिवारी रात्री जमावाने ट्रेडीगरमधली ज्यू लोकांची दुकानं फोडली, लुटली, आणि पुढचा आठवडाभर हे लोण आजूबाजूच्या खोऱ्यांत पसरलं, शेवटी सैन्य आणावं लागलं. जीव कुणाचा गेला नाही, पण कुटुंबं गाव सोडून गेली. गरिबी, संपांचं वर्ष, महागाई, भाड्यावरून राग, सगळी कारणं सांगतात. कारणं असतील, पण दुकानदाराच्या पोरांनी त्या रात्री जे बघितलं त्याला ते काय उत्तर देणार. एकमेकांसाठी पगार कापून देणारं आणि शेजाऱ्याची काच फोडणारं, गाव एकच होतं.

हं, तर पगार कापून देणं. हाच माझा मुख्य मुद्दा आहे आणि यासाठीच हे सगळं लिहितेय. 1890 मध्ये ट्रेडीगरच्या कामगारांनी आपापले छोटे छोटे आजारपणाचे फंड एकत्र केले आणि एक संस्था उभी केली, ट्रेडीगर वर्कमेन्स मेडिकल एड सोसायटी. नियम साधा, पगारातल्या प्रत्येक पौंडामागे तीन पेनी वर्गणी. तेव्हाच्या पौंडात 240 पेनी असायच्या, म्हणजे आपल्या हिशोबात शंभर रुपयाला सव्वा रुपया. आजारी असा नसा, सव्वा रुपया द्यायचाच. आणि त्या पैशातून डॉक्टर नेमायचे, पण या वेळी नेमणार कंपनी नाही, नेमणार कामगारांनी निवडून दिलेली कमिटी. म्हणजे दिवसभर खाली कोळसा फोडून आलेला माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन टेबलापलीकडे बसणार आणि समोर मेडिकलची डिग्री घेऊन आलेल्या डॉक्टरची मुलाखत घेणार. मला हे चित्र फार आवडतं, डोळ्यांसमोरून जात नाही. डॉक्टर लोकांच्या संघटनेला हे अजिबात पटलं नव्हतं, भांडणं झाली, पण सोसायटी हटली नाही.

आपल्याकडे भिशी असते, पतपेढी असते, गणपतीची वर्गणी असते, त्यामुळे आपल्याला हे लगेच कळतं. फरक एवढाच की भिशीत आपला नंबर कधीतरी लागतोच, आणि इथे सगळ्यांची इच्छा ही की आपला नंबर कधीच लागू नये, तरी पैसे भरायचे, कारण शेजाऱ्याचा लागला तर? हळूहळू खाणीत नसलेले लोकसुद्धा वेगळी वर्गणी भरून सभासद झाले. पुढे पुढे तर गावच्या सुमारे 24,000 लोकांपैकी जवळजवळ 23,000 लोक या छत्राखाली होते. सोसायटीचे स्वतःचे डॉक्टर, सर्जन, दाताचे डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स. 1904 मध्ये गावात छोटं हॉस्पिटलही झालं. सोसायटीचं ऑफिस सर्कलमध्येच होतं, दहा नंबरच्या इमारतीत, घड्याळाच्या अगदी समोर, आता तिथे याच इतिहासाचं वारसा केंद्र आहे. फार्मासिस्टही होते हे वाचल्यावर मला किती आनंद झाला काय सांगू, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इथे कुणीतरी माझंच काम करत होतं, खोकल्याचं औषध भरून देत होतं आणि पेशंटकडे पैसे मागत नव्हतं.

1915 पासून या सोसायटीचे सेक्रेटरी होते वॉल्टर कॉनवे. हा माणूस लहानपणी अनाथ झाला, बेडवेल्टीच्या वर्कहाउसमध्ये वाढला, निराधारांना ठेवायची ती सरकारी जागा, जिथे जाण्यापेक्षा लोक उपाशी राहणं पसंत करायचे. तिथून निघून खाणीत, आणि तिथून इतक्या मोठ्या गावाच्या आरोग्याचा कारभार बघायला. नायला त्यांनी घडवलं. नायने त्यांना विचारलं होतं की मी बोलताना अडखळतो, काय करू, तर कॉनवे म्हणाले, तुला एखादी गोष्ट सांगता येत नसेल तर ती तुला नीट कळलेलीच नाही. मग हा पोरगा कामगारांच्याच वर्गणीतून चाललेल्या वाचनालयात पुस्तकांमागून पुस्तकं वाचायला लागला, डोंगरावर जाऊन मोठमोठ्याने कविता म्हणायला लागला, अडणाऱ्या शब्दाला प्रतिशब्द शोधायला लागला, आणि त्यातून जो वक्ता तयार झाला त्याने पुढे पार्लमेंट हलवलं.

1925 मध्ये बाप गेला. फुप्फुसात धूळ भरून, मुलाच्या हातात. नुकसानभरपाई शून्य, कारण कायद्याच्या यादीत हा आजार कामामुळे होणारा म्हणून तेव्हा धरलेलाच नव्हता, कोळशाच्या कामगारांना यासाठी भरपाई मिळायला 1943 उजाडलं. पुढच्याच वर्षी, 1926 ला, देशभराचा मोठा संप झाला, बाकीचे नऊ दिवसांत कामावर गेले पण खाणकामगार कित्येक महिने बाहेर राहिले आणि शेवटी हरून, कमी पगारावर, परत खाली उतरले. 1929 मध्ये नाय एबू व्हेलमधून खासदार झाला, आणि 1945 मध्ये पंतप्रधान अॅटलींनी त्याला आरोग्यमंत्री केलं.

आणि मंत्री झाल्यावर त्याने काय केलं तर गावाकडचंच काढून देशापुढे ठेवलं. तो स्वतःच म्हणायचा की आमच्या ट्रेडीगरला जे पिढीभर मिळतंय तेच मी सगळ्या ब्रिटनला देतोय, तुम्हा सगळ्यांचं आता ट्रेडीगर करून टाकणार. फेब्रुवारी 1948 मध्ये डॉक्टरांचं मतदान झालं तर दहातले नऊ विरोधात होते. तरी 5 जुलै 1948 ला एनएचएस सुरू झाली. आणि झुंबड उडाली ती चष्म्यांची आणि कवळ्यांची, वर्षानुवर्षं धूसर बघत आणि हिरड्यांनी चावत जगणारी माणसं, विशेषतः बायका, ज्यांच्यावर घरात खर्च सगळ्यात शेवटी व्हायचा, त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे 1951 मध्ये सरकारने त्याच चष्म्यांवर आणि कवळ्यांवर फी लावायची ठरवली तेव्हा नायने मंत्रिपद सोडलं. मी हे वाचलं तेव्हा काउंटरवर उभी होते. वेल्समध्ये 2007 पासून प्रिस्क्रिप्शनचे पैसे घेत नाहीत, पूल ओलांडून इंग्लंडमध्ये गेलं की घेतात. रोज शेकडो पिशव्या मी हातात देते, आणि पेशंट थँक्यू म्हणून निघून जातो, पाकीट काढत नाही. इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागे कुणाच्या तरी तीन तीन पेनी आहेत हे मनात येत नाही.

खाणींचं काय झालं? टी ट्रिस्ट 1959 ला बंद, पोचिन 1964 ला, खोऱ्याच्या खालच्या अंगाला ओकडेल 1989 पर्यंत चालली, त्याआधी 1984-85 चा वर्षभराचा संप होऊन गेलेला. गावातलं हॉस्पिटल 2010 मध्ये बंद झालं. दुकानांच्या ओळीत बऱ्याच पाट्या उतरलेल्या, पोरं नोकरीसाठी कार्डिफ न्यूपोर्टला जातात येतात किंवा जातातच. बसमध्ये दिसणारे चेहरे म्हातारे. याच गावाने देशाला फुकट उपचार दिले आणि त्याच गावातल्या माणसाला आज तपासणीसाठी डोंगर ओलांडून जावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो.

आणि इथे मामांसारख्यांची गोष्ट येते. नवीन एनएचएसला डॉक्टर कमी पडत होते, त्यातून खाणीच्या खोऱ्यांत यायला इथल्या डॉक्टरांची तयारी नसायची, पाऊस, धूळ, काम भरपूर आणि पैसा कमी. मग भारतातून, पाकिस्तानातून, आपल्या बाजूने डॉक्टर आले. साठ-सत्तरच्या दशकांनंतर या खोऱ्यांतल्या कितीतरी गावांचा डॉक्टर म्हणजे कुणी राव, कुणी शहा, कुणी आपले मराठी. मामा सांगतात, सुरुवातीला इथल्या लोकांचं इंग्रजी त्यांना कळायचं नाही आणि त्यांचं लोकांना, पण छाती दाखवायला भाषा लागत नाही. नंतर मामी आल्या, त्यांनी दिवाळीला शेजारणींना चकल्या दिल्या, शेजारणींनी वेल्श केक कसे करायचे ते शिकवलं, गोल, तव्यावर भाजायचे, मनुका घातलेले. अजून आमच्याकडे होतात.

ट्रेडीगर आणि एबू व्हेलच्या मधल्या माळावर चार मोठे दगड उभे केलेत, एक नायचा आणि तीन त्याच्या मतदारसंघातल्या तीन गावांचे, एबू व्हेल, रम्नी आणि ट्रेडीगर. तो इथे उघड्यावर सभा घ्यायचा. आम्ही गेलो तेव्हा वारा एवढा की मामांची टोपी उडाली, मी धावत जाऊन आणली, तोवर ते ट्रेडीगरच्या दगडाला टेकून श्वास घेत होते.

परतताना म्हणाले, जरा खालून घे, टी ट्रिस्टच्या बाजूने. तिथे आता गवत आहे, झाडं आहेत, माहीत नसेल तर खाण होती असं वाटणारही नाही. गाडी थांबवायला लावली. खाली उतरून समोरच्या घरांच्या ओळीकडे बोट करत एकेक घर सांगायला लागले. ते हिरवं दार, तिथले आजोबा खुर्चीत झोपायचे. त्याच्या शेजारी दोघे भाऊ, दोघांनाही ऑक्सिजन, एकच सिलिंडर आधी आला तर दोघं एकमेकांना आधी तू म्हणायचे. कोपऱ्यावरचं घर, तिथल्या बाई डब्यात केक घालून द्यायच्या, नवरा गेल्यावरसुद्धा देत राहिल्या. त्याच्या वरचं आठवत नाही. थांब, आठवलं, तिथे कुणालाच काही नव्हतं, पोरगं शिक्षक झालं होतं, खाली उतरलंच नव्हतं.

मग गाडीत बसले. पाऊस सुरू झाला होता तरी काच वर घेतली नाही, घड्याळ मागे पडेपर्यंत.